सकाळी गप्प, संध्याकाळी वाजणारी बांगडी : एका गाडीच्या बिघडलेल्या ट्यूनिंगचं प्रकरण

"दादा, सकाळी जाताना वाजत नाही. येताना वाजते."

बाईंनी डावा हात पुढे केला. मनगटात हिरव्या काचेच्या दोन बांगड्या आणि त्यांच्यामध्ये एक पाटली. संध्याकाळी परत येताना आरटीओ कॉर्नरच्या सिग्नलला गाडी उभी राहिली आणि हात गिअरच्या दांडीवर असला, की काच पाटलीवर किणकिण करते. सकाळी त्याच दांडीवर, त्याच हातात, काही नाही. तीन महिने बाई हे सगळ्यांना सांगत होत्या. घरी ऐकून घेतलं, "तुझ्या मनाचं काहीतरी." गॅरेजमध्ये ऐकून घेतलं, "मॅडम, गाडी जुनी झाली, एवढं चालायचंच."

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण इंजिनाचं ट्यूनिंग बिघडल्याचं सर्वात आधी कळतं ते चालवणाऱ्याच्या अंगाला. आमच्या गॅरेजच्या धंद्यात त्या अंगाचं ऐकून घेण्याची सवय कमी होत चालली आहे, आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाईक भरतं.

गाडीची माहिती आधी. २०११ची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. २०१७ मध्ये बाहेरून सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला क्रमाने गॅस सोडणारं) सीएनजी किट बसवलेलं. मीटरवर एक लाख अडतीस हजार, त्यातले लाखभर किलोमीटर गॅसवर. बाई पेठ तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका आहेत. नाशिकच्या पंचवटीतून निघून सावळघाट ओलांडून रोजचं अप-डाऊन, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. गाडीत चौघीजणी, गॅसचा खर्च वाटून. म्हणजे ही गाडी बंद पडली तर चार वर्गांवर वेळेत शिक्षक पोहोचत नाहीत.

माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजात चारही प्लग बदलले होते. मग एक कॉईल, म्हणजे प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारा भाग. मग गॅसचा फिल्टर, गॅस इंजेक्टरची सफाई, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि शेवटी उजव्या बाजूचं इंजिन माऊंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबराचा आधार. नऊ हजारांच्या वर खर्च झाला आणि बांगडी वाजतच राहिली. स्कॅनर लावला तेव्हा बिघाडाचा एकही कोड नव्हता. आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांची, सुई आठशेवर स्थिर होती. "आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं) एकदम ओके" असं त्यांना दोनदा सांगण्यात आलं.

अंगाला काय कळतं

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत चार ठोके पडतात. ८०० आरपीएमला मिनिटाला १६०० ठोके, सेकंदाला साधारण २७. एवढ्या वेगाचे ठोके हाताला सुटे जाणवत नाहीत, एक बारीक गुणगुण तेवढी लागते. आता यातलं एक सिलिंडर लंगडं झालं, तर दर चार ठोक्यांत एक खड्डा पडतो. हे खड्डे मिनिटाला ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. एवढी लय हाताला जवळजवळ मोजता येते. सीटच्या पाठीला, गिअरच्या दांडीला, आतल्या आरशात दिसणाऱ्या मागच्या गाडीच्या नंबर प्लेटला ती कळते. बाईंच्या बांगडीला कळत होती ती हीच.

म्हणून कुणी "गाडी थरथरते" म्हणालं की मी आधी लय विचारतो. लय ठरावीक असेल, कुणीतरी बोटाने टकटक करावं तशी, तर एकाच सिलिंडरकडे संशय जातो. गाडी आपोआप वर-खाली श्वास घेतल्यासारखी करत असेल, आरपीएम हळूहळू चढून पुन्हा उतरत असेल, तर कुठेतरी जास्तीची हवा आत शिरते आहे किंवा थ्रॉटल बॉडी घाण झाली आहे. थरथर एकसारखी पण जाड असेल, इंजिन सुरू-बंद करताना एक धपका बसत असेल, तर इंजिन ठीक असून माऊंटिंग गेलेलं असू शकतं. तीन सिलिंडरच्या गाडीत आयडलला थोडी थरथर मुळातच असते. ती एकसंध असते, तिच्यात खड्डा नसतो. अशी गाडी पहिल्यांदा घेतलेले लोक घाबरून येतात, त्यांना शेजारी त्याच मॉडेलची दुसरी गाडी सुरू करून दाखवली की फरक लगेच पटतो.

लयीइतकंच महत्त्व थरथर केव्हा होते याला. प्लग, कॉईल, वायर यांची कमजोरी ओझ्याखाली उघडी पडते. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, पाय दाबून चढाला लावलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, ती चुकते आणि गाडी सीटसकट धक्के देते. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी धक्के देत नाही, दम टाकते. पाय दाबलेला असतो आणि पुढे काही येत नाही, आरपीएम वर गेल्यावर तर अजिबात नाही. मिश्रण पातळ असेल, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असेल, तर पाय टेकवल्याक्षणी एक पोकळी लागते, पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तशी, आणि मग गाडी उचलते. टायमिंग पुढे गेलं असेल, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत असेल, किंवा आत कार्बन साचला असेल तर चढाला डबीत खडे हलवल्यासारखा आवाज येतो. आणि जी थरथर फक्त आयडलला असते, रेस दिली की विरघळून जाते, ती बहुतेक वेळा हवेची किंवा कॉम्प्रेशनची (सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणाची) गळती असते. वेगात गळतीला वेळच मिळत नाही. ८०० आरपीएमला कॉम्प्रेशनचा एक स्ट्रोक सुमारे ३७ मिलीसेकंद चालतो, ३००० ला फक्त १०. तेवढ्यात निसटून निसटणार किती?

बाईंची तक्रार या शेवटच्या गटात बसत होती. घाटात गाडी कशी ओढते विचारलं. "घाटात काही नाही हो, छान जाते. उभी राहिली की त्रास." ठिणगी कमजोर असती तर सावळघाटाने ती आधी दाखवली असती. म्हणजे प्लग आणि कॉईल बदलण्याआधी हा एक प्रश्न विचारला असता तर निम्मा खर्च वाचला असता. मला याचं खरंच वाईट वाटतं. पगारदार माणसाचे नऊ हजार रुपये म्हणजे काही थोडे नाहीत.

सकाळ आणि संध्याकाळ

तरी सकाळ-संध्याकाळच्या फरकाचं कोडं उरत होतं, आणि त्यात एक फसवी जागा होती. सीक्वेन्शियल किटची गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन ठरावीक तापमानाला आलं की आपोआप गॅसवर जाते. त्यामुळे "थंड असताना ठीक, गरम झाल्यावर त्रास" आणि "पेट्रोलवर ठीक, गॅसवर त्रास" या दोन्ही तक्रारी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. आधीच्या गॅरेजने दुसरी गोष्ट खरी मानली आणि गॅसच्या फिल्टर-इंजेक्टरवर पैसे घालवले. ती अगदीच चुकीची शंका होती असं मी म्हणणार नाही. पण पडताळायला एक बटण दाबण्यापुरतंच काम होतं.

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून दुपारी बाई परतताना थेट माझ्याकडे आल्या. गाडी पूर्ण तापलेली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो, एसी बंद करायला सांगितलं, आणि त्यांचा हात रोज असतो तसाच दांडीवर ठेवायला लावला. किणकिण सुरू झाली. मी घड्याळ धरून दहा सेकंद मोजलं, बासष्ट भरले. मोजताना दोन-चार इकडेतिकडे झाले असतील, पण सहा-सातच्या हिशोबात ते नीट बसत होतं. मग चेंजओव्हरचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली आणि दोन मिनिटं थांबलो. गॅसवरून पेट्रोलवर आल्यावर गाडी जरा मऊ झाली, पण लय तीच राहिली. बांगडी वाजतच होती.

गॅस सुटला. राहिला तो ताप.

यातही आणखी एक गोष्ट लपलेली असते, ती सांगून टाकतो. नाशिकची जानेवारीतली थंडी माहीत आहे तुम्हाला. अशा सकाळी सुरू केलेलं इंजिन पहिली काही मिनिटं बाराशे-तेराशेवर फिरतं, कारण गाडीतला संगणक मुद्दाम रेस चढवून ठेवतो. एवढ्या वेगात लंगडेपणा झाकला जातो. त्यामुळे "सकाळी ठीक असते" या वाक्याचा अर्थ "थंड असताना दोष नसतो" असाच होईल असं नाही. दोष असून तो लपलेलाही असू शकतो. हे पुढे मोजूनच ठरवावं लागणार होतं.

मोजायच्या आधी आम्ही रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. बाईच चालवत होत्या, मी बूट काढून टाच गाडीच्या तळाला टेकवून बसलो होतो. चौथ्या गिअरमध्ये पस्तीसवर पाय दाबायला सांगितला. धक्का नाही. तिसऱ्यात वरपर्यंत खेचायला सांगितलं. दम टाकला नाही. मात्र गतिरोधकाजवळ दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना टाचेखाली तीच टकटक, आणि पाय टेकवला की गायब. परतताना बाई सहज म्हणाल्या, "पण दादा, इंजिनाचा आवाज मात्र पूर्वीपेक्षा कमी झालाय. आधी वरून टकटक यायची ना, ती गेली."

हे ऐकलं आणि माझा संशय पक्का झाला. लाख किलोमीटर गॅसवर चाललेल्या इंजिनाचा टॅपेटचा, म्हणजे वाल्व दाबणाऱ्या भागाचा, आवाज आपोआप कमी झाला, तर आनंद मानू नये.

टॅपेट गप्प का झाला

वाल्व म्हणजे सिलिंडरची झडप. वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढं अंतर ठेवलेलं असतं. या इंजिनात एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या वाल्वला, ते थंड असताना ०.२६ ते ०.३० मिलीमीटर लागतं. गरम झाल्यावर वाल्वची दांडी लांबते, त्यासाठी ही सोय. पेट्रोल जळताना वाल्व आणि त्याची सीट (मिटल्यावर तो जिथे टेकतो ती कडी) यांच्यामध्ये ज्वलनातून उरलेला बारीक थर राहतो, तो धातूवर धातू थेट आपटू देत नाही. सीएनजी कोरडा जळतो, तो थर मिळत नाही. त्यामुळे सीट हळूहळू झिजते, वाल्व हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, आत आत बसत जातो, त्याच्या दांडीचं टोक वर सरकतं आणि रॉकरशी असलेलं अंतर कमी होत जातं. अंतर कमी म्हणजे आवाज कमी. शेवटी असा दिवस येतो की इंजिन तापलं की वाल्व पूर्ण मिटतच नाही. ढिला टॅपेट ओरडून सांगतो, टाईट टॅपेट गप्प राहून वाल्व जाळतो. बंद असताना वाल्वची कड सीटला टेकून आपली उष्णता तिला देत असते. टेकणंच थांबलं तर ती कड तापत राहते आणि करपते.

गॅरेजात आल्यावर, इंजिन गरम असतानाच, आधी सायलेन्सरच्या तोंडाशी वहीच्या कागदाची एक पट्टी धरली. चांगल्या इंजिनात ती एकसारखी बाहेर उडत राहते. इथे ती उडत होती आणि मधूनच पाईपकडे ओढली जात होती, चिकटून पुन्हा सुटत होती. एक्झॉस्ट वाल्व नीट मिटत नसेल तर सिलिंडर हवा आत घेताना पाईपमधला धूरही मागे खेचतो. बाईंना खाली बसवून तेही दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगदी बांगडीच्याच तालावर." (हे बघायचं तर उघड्यावर, आणि पाईपला हात न लावता.)

मग एकेका कॉईलचा कनेक्टर चार-पाच सेकंद काढून पाहिला. एक काढला, गाडी गदगदली. दोन, तसंच. तीन काढला, काहीच बदललं नाही. चार, पुन्हा गदगदली. या कसोटीत अनेक जण सुईकडे बघतात. नव्या गाड्यांत सुई फसवते, कारण एक सिलिंडर पडलं की संगणक लगेच हवा वाढवून आरपीएम सावरून धरतो. आधीच्या गॅरेजला "आयडलिंग ओके" दिसलं ते यामुळेच. बॉनेटच्या कडेवर तळहात ठेवावा आणि कनेक्टर काढल्यावर थरथर वाढते का तेवढं बघावं. जिथे वाढत नाही ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नाही.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजला. पहिलं १७५ पीएसआय, दुसरं १७०, तिसरं ११२, चौथं १७२. तिसऱ्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा घेतलं, ११५. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑईलने आकडा चांगलाच चढला असता. तो चढला नाही, म्हणजे गळती वाल्वमधूनच होती.

गाडी रात्रभर ठेवून घेतली. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, तिसऱ्याचं कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, १५० आलं. गार असताना वाल्व बऱ्यापैकी मिटत होता, तापल्यावर नाही. बांगडी सकाळी गप्प का असायची याची दोन्ही कारणं आता हातात होती. मग टॅपेट कव्हर उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट वाल्वला फिलर गेजची (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याची) ०.२५ची पट्टी गेली नाही, ०.१५ गेली नाही, ०.१० गेली नाही. सर्वात पातळ ०.०५ची पट्टीसुद्धा तोंडाशीच वाकली. बोटांना रॉकरमध्ये जराही खेळ लागत नव्हता. पहिल्याचा एक्झॉस्ट ०.१८वर होता, चौथ्याचा ०.२०वर. इनलेट, म्हणजे आत घेणारे वाल्व, जवळपास जागेवर होते.

काय केलं आणि काय राहिलं

सोळाही टॅपेट सेट केले. या इंजिनाचे टॅपेट स्क्रू आणि नटाचे आहेत म्हणून हे दोन तासांत झालं. काही इंजिनांत शिम (पातळ चकत्या) बदलावे लागतात किंवा बकेटच (वाल्ववरच्या टोप्या) वेगळ्या मापाचे घालावे लागतात, तिथे काम आणि खर्च दोन्ही वाढतात. काहींत तेलाच्या दाबाने अंतर आपोआप राखणारे हायड्रॉलिक असतात, त्यांना सेटिंग नसतंच, पण सीट त्यांच्याही झिजतात. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखी सैल येऊ नये आणि अडूही नये, किंचित ओढ लागावी. हे आकड्याने शिकवता येत नाही. शिकाऊ मुलाला शेजारी उभं करून त्याच्या हातात पट्टी द्यावी लागते. माझ्या उस्तादांनी मला तसंच शिकवलं, मीही तसंच शिकवतो.

कव्हर बसवलं, गाडी सुरू केली, पंखा दोनदा लागेपर्यंत तापू दिली. थरथर नव्हती. कागदाची पट्टी सरळ बाहेर उडत होती. गरम कॉम्प्रेशन तिसऱ्याला १५८ आलं. बाकीच्यांच्या बरोबरीला ते आलं नाही, आणि ही गोष्ट मी बाईंपासून लपवली नाही. वाल्वची कड थोडी करपलेली असणार, ती सेटिंगने परत येत नाही. त्यांना दोन पर्याय दिले. हेड उतरवून सीट आणि वाल्व आताच बदलायचे, किंवा गाडी चालवायची आणि दर दहा हजारांना टॅपेट तपासायचे. शाळेचं वर्ष मध्यावर होतं, चौघींचं येणं-जाणं या गाडीवर होतं. त्यांनी दुसरा पर्याय घेतला. माझ्या मते तोच बरोबर होता. थरथर मात्र पुन्हा लागली तर अंगावर काढायची नाही, हे बजावून सांगितलं. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून निकामी होतो, आणि त्याची किंमत टॅपेट सेटिंगच्या कितीतरी पट असते.

सोमवारी संध्याकाळी आरटीओ कॉर्नरवरून फोन आला. मागे हॉर्न वाजत होते. "दादा, उभी आहे सिग्नलला. शांत आहे." मी म्हटलं, "बाई, फोन ठेवा आणि हिरवा झाला की निघा."

पुढचे दहा हजार किलोमीटर जूनच्या आत भरले. पट्टी घातली तर तिसऱ्याचा तोच एक्झॉस्ट ०.२८वरून ०.२१वर आलेला होता, बाकीचे जागेवर. कॉम्प्रेशन गरम असताना १५२. थरथर अजून नव्हती, बाईंना तर नाहीच. सीटची झीज चालू आहे हे त्या आकड्यांतून दिसत होतं. पुन्हा सेट करून दिलं आणि गॅसच्या किटमध्ये थंड सुरुवातीनंतर पेट्रोलवर चालायचा वेळ थोडा वाढवून दिला.

हेड दिवाळीच्या सुट्टीत उतरवायचं ठरलं आहे. तिसऱ्याला नवे वाल्व, एक्झॉस्टला कठीण धातूच्या सीट, बाकीचे ग्राइंड करून. तोपर्यंत बाईंच्या डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही असते. गॅस भरल्यावर किलोमीटर लिहितात, आणि त्यापुढे एक रकाना बांगडीसाठी.